तीन दरवाजाजवळचे चार दिवस

अहमदाबाद पाहायला निघणाऱ्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न असतो, उतरायचे कुठे? साबरमती नदीने या शहराचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेला रुंद रस्ते, मोठी हॉटेले, झगमगती दुकाने. पूर्वेला सुलतान अहमदशहाने १४११ साली वसवलेले जुने शहर, त्याच्या गल्ल्या, पोळी, मशिदी आणि बाजार. २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारसा शहर म्हणून ज्याची नोंद केली, ते हे जुने अहमदाबाद. भारतातून असा मान मिळवणारे ते पहिले शहर. ओळखीच्या बहुतेकांनी आम्हाला सल्ला दिला की, राहा नदीपलीकडे आणि जुने शहर एका दिवसात रिक्षाने बघून या. आम्ही उलटे केले. जे पाहायचे त्याच्या मधोमधच राहायचे ठरवले.

आम्ही सहा जण होतो. आम्ही दोघे, नववीतली लेक, पाचवीतला मुलगा, अम्मी आणि आपा. सुट्टी लागली, जळगावहून सुरतमार्गे जाणारी गाडी पकडली आणि अहमदाबादच्या कालूपूर स्थानकावर उतरलो. तिथून तीन दरवाजा रिक्षाने जवळच आहे. रिक्षावाल्याने मात्र अलीकडेच गाडी थांबवली. म्हणाला, “आगे भीड है साहब, पैदल जल्दी पहुंचोगे.” खरेच होते ते. संध्याकाळची वेळ, दोन्ही बाजूंना कपड्यांच्या, चपलांच्या, भांड्यांच्या हातगाड्या. अम्मींचा हात धरून, बॅगा डोक्याशी उंचावून आम्ही त्या गर्दीतून वाट काढली.

आमचे हॉटेल एका गल्लीत होते. खाली दुकाने, वर तीन मजले, चढायला अरुंद जिना, लिफ्ट नाही. अम्मींच्या गुडघ्यांमुळे आम्ही फोनवरच पहिल्या मजल्याच्या खोल्या मागितल्या होत्या आणि काउंटरवरच्या चाचांनी त्या राखून ठेवल्या होत्या. आधार कार्डांच्या प्रती घेतल्या, मोठ्या वहीत सगळ्यांची नावे लिहिली आणि विचारले, “खाना खाया?” खोल्या लहान, पण चादरी धुतलेल्या, गुसलखाना स्वच्छ, गरम पाणी सकाळी सात ते नऊ. भिंतीवर किब्ल्याची दिशा दाखवणारा छोटा बाण रंगवलेला होता. अम्मींनी आधी तो पाहिला आणि मगच पलंगावर बसल्या. नदीकाठच्या मोठ्या हॉटेलात एका खोलीला जेवढे भाडे सांगितले होते, तेवढ्यात इथे आमच्या दोन खोल्या झाल्या. आवाजाची तक्रार मात्र करता येत नाही. रात्री उशिरापर्यंत शटर ओढल्याचे, हातगाड्या ढकलल्याचे आवाज येत राहतात. मग दोन-चार तास शांतता आणि त्यानंतर चारी बाजूंच्या मशिदींतून एकामागोमाग एक फजरची अजान.

या भागात मुसाफिरांनी उतरण्याची रीत जुनी आहे. हॉटेलपासून चालत पाच-सात मिनिटांवर भद्रचा किल्ला आणि त्याला लागूनच आझमखानाची इमारत आहे. शाहजहानच्या काळात गुजरातचा सुभेदार असलेल्या आझमखानाने ती १६३७ साली बांधली. तिचा उपयोग प्रवाशांच्या सरायसारखा होत असे. इंग्रजांच्या काळात तिथे तुरुंग आला. आझमखानाला बांधकामाचा इतका नाद होता की लोक त्याला ‘उधई’ म्हणत. उधई म्हणजे वाळवी. आपल्या मराठीतही हा शब्द आहे, म्हणून मुलांना समजावून सांगावे लागले नाही. जवळच भटियार गली आहे. भटियारा म्हणजे सरायमध्ये मुसाफिरांसाठी अन्न रांधणारा. सराय राहिली नाही, पण गल्लीने नाव सोडले नाही आणि धंदाही सोडला नाही. संध्याकाळी तिथे खिम्याचे समोसे, कबाब आणि बारा हांडीच्या देगा मांडलेल्या असतात. पहिल्या रात्रीचे आमचे जेवण तिथलेच.

दुसऱ्या दिवशी जुमा होता. आम्ही मात्र जामा मशीद आधी सकाळीच निवांत पाहिली. हॉटेलातून निघायचे, तीन दरवाजाखालून जायचे आणि गांधी रोडने पुढे चालायचे, की थोड्याच अंतरावर मशिदीचे प्रवेशद्वार येते. बाहेर दुकानांची इतकी दाटी की आत एवढे विस्तीर्ण अंगण असेल असे वाटत नाही. १४२४ साली पूर्ण झालेल्या या मशिदीत २६० खांब आहेत. मुलाने ते मोजायला सुरुवात केली आणि सत्तरच्या पुढे तो चुकला. खांबांवरचे, छतावरचे कोरीवकाम पाहून लेक म्हणाली, “हे तर देवळासारखं दिसतं.” तिचे निरीक्षण बरोबर होते. गुजरातचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या दगडात जे कोरत आले होते, तेच हात मशिदीसाठीही राबले. कमळ, वेली, तोरणे तीच. फक्त माणसांच्या आणि प्राण्यांच्या आकृती नाहीत. मशिदीचे दोन उंच मिनार एकेकाळी प्रसिद्ध होते. एक हलवला की दुसराही हलायचा, असे सांगतात. १८१९ च्या कच्छच्या भूकंपात त्यांचे वरचे मजले कोसळले. आज दर्शनी कमानीच्या दोन बाजूंना त्यांचे बुंधे तेवढे दिसतात.

मशिदीच्या पूर्वेला बादशाहनो हजीरो आहे. म्हणजे अहमदशहाचा मकबरा. मुलगा मुहम्मदशहा आणि नातू कुतुबुद्दीन हेही तिथेच दफन आहेत. मधल्या दालनात स्त्रियांना प्रवेश नाही. अम्मी, आपा आणि लेक बाहेर ओसरीवर थांबल्या आणि तिथूनच त्यांनी फातिहा पढली. रस्ता ओलांडला की रानीनो हजीरो. तिथे सुलतानांच्या बेगमांच्या कबरी आहेत. उंच जोत्यावर, वर छत नसलेल्या चौकात संगमरवरी कबरी आणि जोत्याभोवती चारी बाजूंनी बाजार. चनियाचोळी, ओढण्या, मेंदी, मुखवास, मसाले. आपांनी तिथे अर्धा तास घासाघीस करून दोन ओढण्या घेतल्या. मग ढालगरवाडात बांधणीचे कापड पाहिले. हॉटेल जवळ असण्याचा फायदा इथे कळतो. पिशव्या जड झाल्या की खोलीवर टाकायच्या, अम्मींना तासभर आडवे होऊ द्यायचे, जोहर पढायची आणि पुन्हा बाहेर पडायचे. लांब राहणारा प्रवासी दिवसभराचे ओझे खांद्यावर घेऊन हिंडतो आणि थकला की पाहणे सोडून देतो.

कुठेही जायचे असले तरी आमची वाट तीन दरवाजाखालूनच होती. दिवसातून सात-आठ वेळा तरी आम्ही त्या कमानींखालून गेलो असू. अहमदशहाच्या काळात बांधलेल्या या वेशीला तीन कमानी आहेत, मधली थोडी रुंद, बाजूच्या दोन अरुंद. एकेकाळी पलीकडे शाही मैदान होते आणि सुलतानाची स्वारी इथून मशिदीकडे जात असे. आज कमानींखाली रुमाल, खेळणी आणि घड्याळे विकणारे बसतात.

या दरवाजाची एक आख्यायिका चाचांनी आम्हाला ऐकवली. एका रात्री लक्ष्मी शहर सोडून निघाली. कोतवाल ख्वाजा सिद्दीक याने तिला वेशीवर अडवले आणि विनंती केली, “मी बादशहाची परवानगी घेऊन येतो, तोवर जाऊ नकोस.” लक्ष्मीने कबूल केले. कोतवाल गेला आणि त्याने आपले मस्तक उतरवून दिले. तो परतलाच नाही, म्हणून लक्ष्मी शब्दाला बांधली जाऊन या शहरातच राहिली. त्या आठवणीसाठी दरवाजाच्या एका कोनाड्यात दिवा तेवत ठेवला जातो आणि तो सांभाळणारे घर मुसलमानाचे आहे. आख्यायिका ती आख्यायिका. पण लक्ष्मीसाठी जपलेल्या दिव्यात एका मुस्लिम घरचे तेल पडते, ही गोष्ट आम्हाला इतिहासाइतकीच मोलाची वाटली.

दरवाजावरचा लेख पहिल्या दिवशी आमच्या नजरेतून सुटला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन टाळायला आम्ही कमानीखाली थांबलो, तेव्हा लेकीने विचारले, “इथे देवनागरीत काय लिहिलंय?” फारसी किंवा अरबी लेखाची आम्हाला अपेक्षा होती. ही अक्षरे मात्र आपल्या ओळखीची. शेजारच्या दुकानदाराने थोडे सांगितले, बाकीचे आम्ही रात्री शोधून वाचले.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८१७ पर्यंत अहमदाबादवर मराठ्यांचा अंमल होता. पेशवे आणि गायकवाड यांचा शहरात वाटा होता. त्या काळातला मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने १८१२ च्या ऑक्टोबरात एक हुकूम काढून तो या दरवाजावर कोरवला. हुकूम असा की, बापाच्या मालमत्तेतला मुलीचा वाजवी हिस्सा तिला कोणतीही आडकाठी न करता मिळावा. आज्ञा विश्वनाथाच्या नावाने दिली आहे आणि शेवटी बजावले आहे की, जो ही मोडेल तो हिंदू असेल तर महादेवाला आणि मुसलमान असेल तर अल्लाहला व रसूलला जबाब देईल.

दोनशे वर्षांपूर्वीच्या एका हिंदू अंमलदाराने मुसलमानांना त्यांच्याच दीनची आठवण करून देणारा दगड भर बाजारात बसवला होता. जिथून सगळे शहर जाते-येते, तिथे. मुलीचा वाटा ठेवून घेण्याची चाल दोन्ही समाजांत असल्याशिवाय असा हुकूम काढावा लागला नसता, हेही त्यातून कळते.

आमच्या घरात हा विषय त्या दिवसांत ताजा होता. अब्बांचा इन्तिकाल होऊन वर्ष झाले होते. मागे अम्मी, दोन मुलगे आणि एक मुलगी, म्हणजे आपा. गावातले राहते घर आणि बाजारातला एक गाळा, एवढी मालमत्ता. नातेवाइकांपैकी काही जाणते सांगत होते, “बहिणी हक्कसोड पत्र लिहून देतात, ही रीतच आहे. पुढे माहेरपणाला भाऊच लागतात.” आपा त्यावर काही बोलत नसत. आपल्या समाजात बहिणीचे गप्प राहणे संमती धरले जाते. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, या भीतीने ती गप्प असते, हे सगळ्यांना माहीत असते.

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत चहाचे ग्लास घेऊन आम्ही सगळे बसलो. लेकीने दुपारचा लेख पुन्हा काढला आणि सरळ विचारले, “मग फुप्पीचा हिस्सा किती?” अम्मी म्हणाल्या, “तूच काढ, गणितात हुशार आहेस ना!” हॉटेलच्या बिलाच्या कोऱ्या पाठीवर तिने हिशेब मांडला. कुराण शरीफच्या सूरह निसामध्ये हे हिस्से ठरवून दिलेले आहेत. औलाद असताना बेवेला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. म्हणजे एकूण चाळीस भाग धरले तर अम्मींचे पाच. उरले पस्तीस. त्याचे पाच वाटे केले की एक वाटा सातचा. दोन्ही भावांचे चौदा-चौदा, आपांचे सात. पाच, चौदा, चौदा आणि सात मिळून बरोबर चाळीस. फराईजचा इल्म अवघड म्हणून आपण मौलाना साहेबांवर सोपवतो. साध्या कुटुंबाचा हिशेब मात्र नववीतल्या मुलीला पाच मिनिटांत जमतो. कर्ज आणि वसीयत असेल तर ती आधी फेडायची, एवढे तिला सांगावे लागले.

धाकट्या भावाला तिथूनच फोन लावला. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “चाळीस भागच लिहू या. उताऱ्यावर चौघांची नावे लावू.” आपा बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “नाव लागल्यावर तो हिस्सा ठेवायचा, विकायचा की भावांना बक्षीस द्यायचा, ते मी ठरवीन. पण आधी नाव लागू दे.” या वाक्यात सगळा मुद्दा आहे. जे हातात आलेच नाही ते सोडून दिले असे कसे म्हणायचे? दान करायलाही आधी मालकी लागते.

तिसऱ्या दिवशी आम्ही पश्चिमेकडे, लाल दरवाजाच्या दिशेने निघालो. तिथे सीदी सैयदची मशीद आहे. बांधणारा सीदी सैयद हा हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या लोकांपैकी होता. १५७२-७३ मध्ये, गुजरातची सल्तनत मोडून अकबराचा अंमल आला त्याच सुमारास ही मशीद उभी राहिली. आकाराने ती लहान. पण तिच्या दगडी जाळ्या जगभर नावाजलेल्या आहेत. एका जाळीत झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंतत गेल्या आहेत आणि मधून ताडाचे झाड वर आले आहे. अहमदाबादच्या आयआयएम या संस्थेचे बोधचिन्ह याच जाळीवरून घेतले आहे. इंग्रजांच्या काळात या मशिदीत मामलेदार कचेरी भरत असे. जाळीचा फोटो बाहेरच्या रस्त्यावरून सकाळी एक येतो आणि संध्याकाळी, मावळतीचे ऊन पाठीशी असताना, दुसरा. हॉटेल जवळ होते म्हणून आम्हाला दोन्ही वेळा जाता आले.

जवळच ‘लकी’ नावाचे चहाचे हॉटेल आहे. त्याच्या आत टेबलांच्या मधोमध कबरी आहेत. जागा मुळात कब्रस्तानाची होती. कबरींना कठडे करून त्यांचा अदब राखला आहे आणि भोवती लोक मस्काबन खातात, चहा पितात. भिंतीवर मकबूल फिदा हुसेन यांचे चित्र आहे. ते इथे चहाला येत. अम्मींना कबरींच्या शेजारी बसून खाणे रुचले नाही, त्या दाराशी बसल्या. मुलाने मात्र सगळ्या कबरी मोजल्या.

दुपारनंतर अस्टोडियाला राणी सिपरीची मशीद पाहिली. १५१४ सालची ही इमारत महमूद बेगड्याच्या राणीने बांधवली. तिची कबरही समोरच आहे. नाजूक कोरीवकामामुळे तिला ‘मस्जिद-ए-नगीना’ म्हणतात. बेगड्याचे नाव इतिहासात मोठे आहे. पण त्याच्या राणीने बांधवलेल्या या छोट्या मशिदीसमोर आपा जितका वेळ थांबल्या, तितक्या त्या कुठेच थांबल्या नाहीत.

रात्री माणेक चौकात गेलो. सकाळी तिथे भाजी, दुपारी सराफांचा बाजार आणि दुकाने बंद झाली की त्याच जागेवर खाण्याच्या गाड्या लागतात. एकाच चौकाची तीन रूपे. चौथ्या दिवशी सामान चाचांकडे ठेवून रिक्षाने सरखेजला गेलो. संत शेख अहमद खट्टू गंजबख्श यांची दर्गाह, तलाव, बेगड्याची कबर, खांबांची मोकळी मशीद. शहरातल्या गर्दीनंतर तिथे तलावाच्या पायऱ्यांवर बसून राहावेसे वाटते. संध्याकाळी परतीची गाडी होती.

कुटुंबासह जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. जुन्या शहरात हॉटेल घेताना खोली कोणत्या मजल्यावर आणि जिना कसा, हे आधी विचारा. गाडी दारापर्यंत जात नाही, म्हणून सामान कमी ठेवा. सगळ्यांची ओळखपत्रे जवळ असू द्या. सकाळची वेळ इमारतींसाठी ठेवा आणि खरेदी दुपारनंतर करा. चालायला सोपे जोडे घाला, कारण इथले सगळे अंतर पायानेच मोजायचे आहे. मेट्रोही आता जुन्या शहराखालून धावते, घीकांटा स्थानक इथून जवळ पडते.

परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आम्ही सिटी सर्व्हे कार्यालयात चौघांच्या नावांचा अर्ज दिला. तुम्ही अहमदाबादला गेलात तर जाळ्या बघा, बांधणी घ्या, कबाब खा. पण तीन दरवाजाखाली दोन मिनिटे थांबून तो लेख मुलांना दाखवा. अक्षरे आपल्या लिपीतली आहेत आणि हुकूम त्या आधीपासून आपल्याला माहीत आहे.